नोबुरो ओफुजी : कागद आणि कात्री

इतिहासाचा तास चालू असताना मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेला विद्यार्थी नेहमीच टिपणे घेत असतो असे नाही, हे शिक्षकास अनुभवाने कळते. अशाच एका विद्यार्थ्याची वही मी एकदा मागून घेतली. तिच्या पानापानाच्या कोपऱ्यावर एक काडीमाणूस काढलेला होता आणि प्रत्येक पानावर त्याचा पाय किंचित पुढे सरकलेला होता. अंगठ्याखालून पाने भराभर सोडली की तो माणूस धावत जाऊन विहिरीत उडी घेई. वही परत करताना जे दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य होते ते मी बोललो. परंतु घरी जाताना तो धावणारा माणूस काही मनातून जाईना. ज्याने आपले सारे आयुष्य ह्याच एका युक्तीस वाहिले अशा एका जपानी गृहस्थाची हकीकत त्या मुलास सांगावी असे तेव्हाच मनात आले होते. त्या दिवशी ते राहून गेले. ते आज येथे सांगतो.

नोबुरो ओफुजी ह्यांचा जन्म १ जून १९०० रोजी टोकिओ शहरातील असाकुसा नावाच्या भागात झाला. घरी ठेवलेले नाव शिनशिचिरो असे होते. नोबुरो हे नाव त्यांनी पुढे कामाकरिता घेतले. असाकुसा म्हणजे त्या काळच्या टोकिओची कायमची जत्राच. मध्यभागी कान्नोन देवतेचे पुरातन मंदिर, आणि त्याच्या भोवती नाटकगृहे, डोंबाऱ्यांचे खेळ, मिठाईची दुकाने, खेळण्यांची दुकाने आणि शहरात कोठूनही दिसणारा बारा मजली मनोरा. जपानातील पहिले कायमचे चित्रपटगृहदेखील १९०३ साली ह्याच भागात उघडले. त्या काळी चित्रपट मुके असत. परंतु जपानी प्रेक्षकांस ते मुके असे कधी वाटलेच नाहीत. पडद्याच्या बाजूस बेन्शी नावाचा निवेदक उभा राही आणि आपल्याकडील चित्रकथ्याप्रमाणे एकामागून एक चित्र उलगडत तो सर्व पात्रांची भाषणे स्वतःच बोले. कित्येक प्रेक्षक चित्रपटाचे नाव न विचारता आज बेन्शी कोण आहे एवढेच विचारून तिकीट काढीत. अशा गल्ल्यांत जो मुलगा वाढला त्याच्या डोळ्यांपुढे चित्रे नाचू लागली तर नवल नाही.

ह्या मुलाची आई त्याच्या बाळपणीच वारली. त्याचा सांभाळ त्याची थोरली बहीण याए हिने केला. पुढील साठ वर्षांत नोबुरो ह्यांनी अनेक बेत बदलले, साधने बदलली, काही काळ वाटही बदलली. परंतु ह्या बहिणीचा आधार त्यांच्या मागून कधी हलला नाही. चरित्रग्रंथांत अशा व्यक्तींस एखाददुसरी ओळ मिळते. आमच्याकडे बहुधा तीही मिळत नाही. घरात पैशाची बाजू कोणी पाहिली, जेवणाची वेळ टळून गेली तरी ताट झाकून कोणी ठेवले, ह्याची नोंद चित्रपटाच्या नामावळीत नसते. पण ज्या माणसाने जन्मभर घरीच बसून काम केले त्याच्या बाबतीत तरी ती वाचकांनी आपल्या मनाने घालून वाचावी.

नोबुरो सतरा वर्षांचे होते त्या वर्षी, म्हणजे १९१७ साली, जपानात तयार झालेली पहिली हलती चित्रे पडद्यावर आली. शिमोकावा, कोउची आणि कितायामा हे तीन चित्रकार जवळजवळ एकाच वेळी ह्या धंद्यात उतरले होते. परदेशी चित्रपट पाहून त्यांतील युक्ती आपापल्या अकलेने शोधून काढण्यावाचून त्यांस गत्यंतर नव्हते, कारण शिकविणारा कोणी नव्हता. ह्यांपैकी जुनइची कोउची हे वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे काढणारे गृहस्थ. बोथट तलवार विकत घेऊन तिची धार वाटसरूंवर पाहू जाणाऱ्या आणि स्वतःच फजीत होणाऱ्या एका भोळसट सामुराईचा त्यांनी केलेला लहानसा विनोदी चित्रपट पुष्कळ वर्षे हरवलेला होता. तो ह्या शतकाच्या आरंभी ओसाका शहरातील जुन्या बाजारात सापडला आणि आज उपलब्ध असलेल्या जपानी हलत्या चित्रांत तोच सर्वांत जुना मानला जातो. ह्या कोउची ह्यांच्या हाताखाली वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास नोबुरो उमेदवारी करू लागले.

तेथे ते काय शिकले हे समजण्यासाठी हे काम कसे होते ते थोडे पाहिले पाहिजे. वहीच्या कोपऱ्यावरील काडीमाणसास चाळीस पाने पुरतात. चित्रपटास तेवढी दोन-तीन क्षणांतच संपतात. बोलपटाच्या फितीवर दर सेकंदास चोवीस चित्रे सरकतात, म्हणजे एका मिनिटास एक हजार चारशे चाळीस. मूकपटास ह्याहून थोडी कमी लागत, तरी हजाराच्या आसपास जातच. अमेरिकेत ह्या कामी पारदर्शक सेल्युलॉइडचे पत्रे वापरीत. मागील देखावा एकदाच रंगवून खाली ठेवावयाचा आणि पात्रे पत्र्यावर काढून त्यावर ठेवावयाची, म्हणजे देखावा दर वेळी नव्याने काढावा लागत नाही. जपानात हे पत्रे फार महाग पडत. म्हणून तेथील कारागीर कागदाची माणसे कापीत. हात, पाय, मुंडके निरनिराळे. ती देखाव्याच्या चित्रावर मांडून वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक चित्र घेत, मग चिमट्याने हात केसभर सरकवून दुसरे घेत, पुन्हा सरकवून तिसरे. दिवसभर वाकून काम करावे तेव्हा पात्र एकदा उठून उभे राही. मध्येच कोणाचा कोपर लागला किंवा खिडकीतून वारा आला की सकाळपासूनचे काम वाया गेले असे समजावे.

गुरूंकडे ही विद्या हाती आली न आली तोच १९२३ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस, दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना, तो भयंकर भूकंप झाला. घरोघर दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. पडलेल्या लाकडी घरांस त्यांनी आग लावली आणि ती आग दोन दिवस चालली. एक लक्षाहून अधिक माणसे गेली. असाकुसातील बारा मजली मनोरा मधोमध मोडला, चित्रपटगृहांच्या ओळीच्या ओळी जळाल्या, आणि त्या तीन आद्य चित्रकारांपैकी कितायामा तर टोकिओ सोडून ओसाकास निघून गेले. कोउची हेही पुढे हा धंदा सोडून आपल्या व्यंगचित्रांकडे परत वळले. ज्या क्षेत्रातून गुरुजन असे एकेक बाहेर पडत होते त्यातच तेवीस-चोवीस वर्षांच्या ओफुजींनी स्वतंत्रपणे पाय रोवण्याचे ठरविले. त्यांनी आपल्या कामास स्वतंत्र चित्रपट-संशोधनालय अशा अर्थाचे नाव दिले. नाव मोठे होते. त्यामागे एक तरुण, एक मेज आणि एक कॅमेरा ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते.

आता ज्या गोष्टीमुळे त्यांचे नाव राहिले तिकडे वळू. जपानात चियोगामी नावाचा एक कागद मिळतो. लाकडी ठशांनी त्यावर फुले, लाटा, पंखे, जाळीची नक्षी अशा नाना आकृती भडक रंगांत छापलेल्या असतात. मुली त्याच्या बाहुल्या करतात, डब्यांस तो चिकटवितात. आपल्याकडे पतंगाचा कागद जितका ओळखीचा तितकाच तेथे हा. ओफुजींनी तो उचलला आणि त्यातून आपल्या पात्रांचे कपडे कापले. ही केवळ शोभेची बाब नव्हती. हाताने चित्रे काढणारा मनुष्य पात्राच्या झग्यावर फुले काढीत नाही, कारण मग प्रत्येक चित्रात तीच फुले पुन्हा काढावी लागतात. म्हणून त्याची पात्रे साध्या कपड्यांत वावरतात. कापलेल्या कागदावर मात्र नक्षी एकदा छापली की छापली. पात्र चालले की तीही बरोबर चालते. शंभर कामगार ठेवूनही जी समृद्धी पडद्यावर आणणे कठीण ती एकट्या माणसास खेळण्यांच्या दुकानातून काही पैशांत मिळाली. ह्याचे मोलही त्यांस द्यावे लागलेच. कागदाचा चेहरा वळत नाही, कागदाच्या हाताचे कोपर बिजागरीसारखे उघडते आणि मिटते. ओफुजींची पात्रे किंचित ताठ वाटतात ती ह्यामुळे. परंतु जपानी जुन्या चित्रांतील माणसेही अशीच एका बाजूने पाहिलेली आणि सपाट असतात, म्हणून हा ताठपणा तेथील प्रेक्षकांस खटकला नसावा असे मला वाटते.

ह्या रीतीने केलेला त्यांचा ‘बागुदा किल्ल्यातील चोर’ हा चित्रपट १९२६ साली निघाला. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स ह्या नटाचा ‘बगदादचा चोर’ हा अतिशय खर्चाचा चित्रपट झाला होता. मोठमोठे किल्ले, उडते गालिचे, सारे काही खरोखरीचे उभारलेले. ओफुजींनी त्याचीच थट्टामस्करी करीत तीच गोष्ट जपानी वेषात, जपानी नावांनी आणि कागदाच्या किल्ल्यात बसविली. ज्याच्यापाशी किल्ला बांधण्यास पैसा नाही त्याने तो कात्रीने कापला, एवढीच गोष्ट. पण ती पाहताना गंमत वाटते ती ह्या धिटाईचीच. पुढे त्यांनी आपल्या कारखान्यास चियोगामीचेच नाव दिले.

ह्याच सुमारास त्यांनी आणखी एक खटपट केली. जिवंत माणसाच्या छायाचित्रात कागदाचा बोटभर मनुष्य आणून बसविला आणि तंबाखूची कथा त्याच्याकडून सांगविली. आज ह्या चित्रपटाचा तुकडाच शिल्लक आहे. त्या काळच्या जपानी चित्रपटांची गत बहुतेक अशीच झाली. भूकंपातून जे वाचले ते पुढे युद्धात जळाले, आणि त्या वेळची फीत स्वतःच इतकी पेट घेणारी होती की पुष्कळसे काही कारण नसतानाच नाहीसे झाले.

१९२७ साली त्यांनी ‘कुजिरा’, म्हणजे ‘देवमासा’, हा चित्रपट केला. ह्यात नक्षीचा कागद नाही. सर्व काळ्या आकृती, मागून प्रकाश सोडलेल्या. जर्मनीत लोट्टे रायनिगर नावाच्या बाईंनी आदल्याच वर्षी अशाच छायाकृतींचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला होता. जगाच्या दोन टोकांस दोन माणसे कात्री घेऊन एकाच वाटेने चालली होती म्हणावयाचे. ‘देवमासा’ची कथा थोडक्यात अशी : समुद्रात वादळ होऊन जहाज फुटते, त्यातून काही पुरुष आणि एक स्त्री वाचतात, मृत्यू समोर उभा असतानाही ते पुरुष तिच्यासाठी आपसांत भांडतात, आणि मग देवमासा येऊन त्यांस गिळतो. योनाची गोष्ट ठाऊक असलेल्या आमच्या वाचकांस तिची आठवण होईल. परंतु योनाने माशाच्या पोटात पश्चात्ताप केला, ओफुजींची माणसे तेथेही भांडतच राहतात. ही कथा ध्यानात ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनी ओफुजी तिच्याकडे पुन्हा आले.

मध्यंतरी चित्रपट बोलू लागला. बेन्शींचे पोट ज्याने मारले त्याच आवाजाने ओफुजींस मात्र नवे काम दिले. फितीवर आवाज उमटविण्याची सोय जपानात रुळण्यापूर्वी ग्रामोफोनची तबकडी आणि फीत एकाच वेळी सुरू करून दोहोंचा मेळ घालीत. ओफुजींनी १९२९ साली एका बालगीताच्या तबकडीवर काळ्या मांजरीचा चित्रपट बसविला. मांजर आणि मुले गाण्याच्या ठेक्यावर नाचतात, आणि ठेका चुकत नाही. एका ठोक्यास किती चित्रे हे आधी मोजावे लागे. एवढेच नव्हे तर प्रयोग चालू असता फीत तुटली आणि जोडताना चार चित्रे गळाली की पुढचा सारा नाच गाण्याच्या मागेपुढे होई. १९३० साली गावच्या जत्रेचा आणि १९३१ साली वसंतगीताचा असे चित्रपट त्यांनी केले. त्याच वर्षी जपानच्या राष्ट्रगीतावरही छायाकृतींचा एक पट केला. त्यात तेथील पुराणांतील सृष्टीच्या उत्पत्तीच्या देवता दिसतात आणि प्रेक्षकांनी बरोबर गावे अशी योजना आहे.

येथपर्यंत त्यांची वाट चढणीची दिसते. पुढे ती सरळ राहिली नाही. मिकीमाऊस आणि त्याचे भाईबंद अमेरिकेतून जपानात येऊन पोचले, गोल गुबगुबीत रबरासारखी वाकणारी. मुलांस तीच आवडू लागली. १९३३ मध्ये केन्झो मासाओका ह्यांनी आवाज फितीवरच असलेला पहिला जपानी हलता चित्रपट सेल्युलॉइडवर केला, आणि कागद कापणे हे हळूहळू मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले. ओफुजींनीही ह्या काळात सेल्युलॉइडवर काही चित्रपट करून पाहिले. १९३६ चा त्यांचा चिन्कोरोहेइबेई नावाच्या पात्राचा चित्रपट पाहिला तर तो कोणा इतर कारागिरानेही केला असता असे वाटते. हात कुशल आहे, पण ओफुजी त्यात सापडत नाहीत. रंगीत फितीचेही प्रयोग ते ह्याच दशकात करीत होते, पण ते पुढे नेण्याइतका पैसा एकट्याजवळ कोठून असणार?

मग युद्ध आले. चरित्र सांगणाराने नायकाच्या दोषांवर पांघरूण घालू नये असे मी विद्यार्थ्यांस निबंधाच्या वेळी सांगतो, म्हणून येथेही सांगितले पाहिजे. १९३८ साली ओफुजींनी एका जपानी वैमानिकाचा चित्रपट केला. त्यात ढगांना शत्रूंचे चेहरे येतात, एक अमेरिकेच्या पॉपय खलाशाचा आणि दुसरा रशियाच्या स्टालिनचा, आणि विमान त्यांवर गोळ्या झाडते. १९४३ साली त्यांनी मलायाच्या समुद्रातील लढाईवर एक बराच मोठा छायापट केला. १० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन ब्रिटिश युद्धनौका बुडविल्या, ती ही लढाई. त्या दिवशी आठशेंहून अधिक खलाशी मेले. चित्रपटात जहाजे, लाटा आणि धूर ह्यांच्या काळ्या आकृती विलक्षण सुंदर आहेत, आणि तेच मनास अधिक टोचते. त्या काळी तेथे फीतसुद्धा सरकारच्या हाती होती आणि युद्धाच्या उपयोगी नसेल ते काम होणे अवघड होते, हे खरे. त्यांचे समव्यवसायी मित्सुयो सेओ ह्यांनीही आरमाराच्या सांगण्यावरून १९४५ मध्ये जपानचा पहिला पूर्ण लांबीचा हलता चित्रपट केला. परंतु सर्वांनी केले म्हणून एकाचे माफ होते असा हिशेब मला तरी जमत नाही. ओफुजींनी ते केले, आणि मन लावून केले, एवढे लिहून पुढे जातो.

१९४५ च्या मार्च महिन्यात एका रात्रीच्या बाँबवर्षावात असाकुसा दुसऱ्यांदा जळाला. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. शहरात अन्न नव्हते, वीज अधूनमधून येई, राहण्यास पत्र्याच्या झोपड्या. अशा १९४६ सालात ओफुजींनी जो चित्रपट केला तो ‘कोळ्याचा धागा’. मूळ कथा अकुतागावा ह्या प्रसिद्ध लेखकाने १९१८ साली मुलांकरिता लिहिलेली. कांदाता नावाचा एक दरोडेखोर नरकात पडलेला आहे. त्याने आयुष्यात एकच सत्कृत्य केले. पायाखाली येणाऱ्या एका कोळ्यास न चिरडता सोडून दिले. स्वर्गात कमळांच्या तळ्याकाठी फिरणाऱ्या बुद्धास ते आठवते आणि तो त्याच्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा खाली सोडतो. कांदाता धाग्यास धरून चढू लागतो. अर्ध्यावर येऊन खाली पाहतो तो त्याच्यामागून शेकडो पापी त्याच धाग्यावर चढत आहेत. हा धागा माझा, तुम्ही उतरा, असे तो ओरडतो मात्र, धागा नेमका त्याच्या हातापाशीच तुटतो.

छायाकृतींस ही कथा इतकी शोभते की जणू ती त्यांच्यासाठीच लिहिली असावी. वर उजेड, खाली काळोख, मधोमध एक रेघ. युद्धाचा पट करणाऱ्या हातांनी तीन वर्षांतच हा पट केला. त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. परंतु ह्यात एकेक बुडणारा हात निराळा ओळखू येतो, हे कोणाही पाहणाऱ्याच्या ध्यानात येईल.

त्यानंतर आले ते त्यांच्या आयुष्यातील खरे सुगीचे दिवस. १९५२ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी तरुणपणचा ‘देवमासा’ पुन्हा नव्याने केला. कथा तीच, वादळ तेच, मासा तोच. पण ह्या वेळी काळ्या कागदाच्या जागी रंगीत सेलोफेन होता. मिठाईच्या वेष्टनास असतो तो चकचकीत पारदर्शक कागद. एकावर एक काचांचे थर मांडून त्यांवर सेलोफेनच्या आकृती ठेवावयाच्या, खालून दिवा लावावयाचा आणि वरून कॅमेऱ्याने टिपावयाचे. काळा कागद प्रकाश अगदी अडवितो. सेलोफेन थोडा अडवितो, थोडा सोडतो. निळ्यावर निळा ठेवला की समुद्र खोल होतो, पिवळ्यावर निळा आला की हिरवी लाट उठते, आणि अनेक थर साचले की वादळाचा काळोख पडतो. रंग कोठे लावलेलाच नाही. प्रकाश गाळून तो काढलेला आहे. शाळेतील मुलांनी दोन रंगांचे सेलोफेन खिडकीशी धरून पाहावे, म्हणजे ओफुजींस काय सापडले ते लगेच कळेल. सुमारे आठ मिनिटांच्या ह्या कामास अकरा हजारांवर चित्रे लागतात. त्यांची मांडणी त्यांनी स्वतःच्या घरी, बहुतांशी स्वतःच्याच हातांनी केली.

हा चित्रपट १९५३ मध्ये फ्रान्सातील कान येथील चित्रपटमेळ्यास गेला. त्या वर्षी परीक्षकमंडळाचे अध्यक्ष कवी आणि चित्रपटकार झाँ कोक्तो हे होते. त्यांनी त्याची प्रशंसा केली, आणि चित्रकार पिकासो ह्यांनीही तो पाहून मोठे कौतुक केले असे सांगतात. ज्या कागदास मायदेशात लोक जुनाट म्हणू लागले होते त्याकडे परदेशातील सर्वांत नवे समजले जाणारे कलावंत नवलाने पाहू लागले. तीन वर्षांनी ‘यूरेइसेन’, म्हणजे ‘भुतांचे जहाज’, ह्या त्यांच्या दुसऱ्या सेलोफेनपटास १९५६ च्या व्हेनिसच्या मेळ्यात विशेष गौरव मिळाला.

ह्याच १९५६ साली टोकिओत तोएई कंपनीने हलत्या चित्रांचा मोठा कारखाना उघडला. रेखाटणारे निराळे, रंगविणारे निराळे, शाई भरणारे निराळे. खोल्याच्या खोल्या भरून मेजे. दोन वर्षांत त्यांनी पांढऱ्या नागिणीच्या कथेवर जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा हलता चित्रपट पुरा केला, आणि आज जगभर मुले जे जपानी चित्रपट पाहतात त्यांचा धंदा तेथून सुरू झाला. तो मार्ग चूक होता असे कोण म्हणेल? पण ओफुजी त्यात गेले नाहीत. साठीच्या उंबरठ्यावरील माणसास दुसऱ्याच्या मेजावर बसून ठरवून दिलेला तुकडा रंगविणे मानवले नसते, हे तर खरेच. त्याशिवाय, कागद कोठे कापावा हे कापतानाच ठरविण्याची ज्यास सवय, त्याचे काम वाटून देता येत नाही. ह्या हट्टाची किंमतही त्यांनी भरली. शिष्यांची परंपरा त्यांच्यामागे उभी राहिली नाही, आणि अर्थप्राप्ती बेताचीच राहिली.

शेवटचे मोठे काम त्यांनी हाती घेतले ते भगवान बुद्धाच्या चरित्राचे. हा लांबलचक छायापट १९६१ साली पुरा झाला. राजवाडा, रथ, बोधिवृक्ष, सारे काळ्या आकृतींत. आणि भारताचा देखावा, जो त्यांनी कात्रीनेच उभा केला. ह्यानंतर ते जपानातील अतिप्राचीन अशा वेळू तोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या कथेची तयारी करीत होते. वेळूच्या कांड्यात अंगठ्याएवढी एक मुलगी सापडते, म्हातारा-म्हातारी तिला वाढवितात, आणि शेवटी ती चंद्रावरील आपल्या लोकांकडे परत जाते, अशी ती कथा. २८ जुलै १९६१ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ओफुजी वारले. ती मुलगी चंद्रावर पोचली नाही.

पुढील वर्षापासून माइनिची वर्तमानपत्राच्या चित्रपट-पारितोषिकांत ओफुजींच्या नावाचे एक पारितोषिक हलत्या चित्रांसाठी देण्यात येऊ लागले. पहिले मिळाले ते ओसामु तेझुका ह्यांना. त्यानंतर बाहुल्यांचे चित्रपट करणारे किहाचिरो कावामोतो, आणि ज्यांचे नाव आज आमच्या विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे ते हायाओ मियाझाकी, ह्यांच्याही नावांची भर त्या यादीत पडली. ओफुजींच्या कागदी आकृती आणि चित्रे टोकिओतील राष्ट्रीय चित्रपटसंग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. जपानी हलत्या चित्रांस शंभर वर्षे झाली त्या २०१७ साली त्यांचे जुने चित्रपट संगणकावर कोणासही पाहता येतील असे खुले करण्यात आले. ‘बागुदा किल्ल्यातील चोर’ त्यांत आहे. झग्यांवरील फुले, लाटा, जाळ्या, सारी नक्षी अगदी स्पष्ट दिसते. रंग मात्र दिसत नाहीत. त्या काळच्या फितीवर ते उतरलेच नव्हते.